‘उत्क्रांती आणि स्त्रीवाद’ : सहा शनिवारांच्या एका अभ्यासवर्गाविषयी

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या संस्थेने या पावसाळ्यात ‘उत्क्रांती आणि स्त्रीवाद’ या विषयावर सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग ठेवला होता. शुल्क २,४०० रुपये, वेळ सायंकाळी साडेपाच ते साडेसात, माध्यम मराठी, आणि ‘विज्ञानाची पार्श्वभूमी आवश्यक नाही’ अशी ओळ जाहिरातीत ठळक छापलेली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि वर्ग घेणाऱ्या बाईंचे श्रेय त्या तक्रारींखाली झाकले जाऊ नये असे मला वाटते. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. त्यामुळे उत्क्रांतीचा भाग आपल्याला ठाऊक आहे आणि स्त्रीवादाचा भाग भाषणबाजीत जाईल, अशी मनाची तयारी करूनच मी नाव नोंदवले होते. यातला पहिला समज दुसऱ्याच शनिवारी डळमळला. दुसरा समज पहिले चार शनिवार चुकीचा ठरत राहिला आणि सहाव्या शनिवारी, दुर्दैवाने, थोडासा खरा ठरला.

पहिल्या दिवसाची सुरुवात एका पत्रव्यवहाराने झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या कॅरोलाइन केनर्ड या बाईंनी डिसेंबर १८८१मध्ये चार्ल्स डार्विन यांना पत्र लिहून विचारले की, बॉस्टनमधल्या स्त्रियांच्या एका सभेत तुमच्या ग्रंथांचा आधार देऊन स्त्रीचे कनिष्ठत्व शास्त्रसिद्ध असल्याचे सांगण्यात आले, तर तुमचे मत खरोखर असे आहे काय, आणि नसेल तर आपण ते दुरुस्त करावे. डार्विन यांनी ९ जानेवारी १८८२ रोजी उत्तर पाठवले. नैतिक गुणांत स्त्रिया सामान्यतः पुरुषांहून सरस असल्या तरी बुद्धीत त्या कमी आहेत, आनुवंशिकतेचे नियम पाहता त्यांना बरोबरी गाठणे अवघड दिसते, आणि ती गाठायची तर त्यांना पुरुषांसारखे कमावते व्हावे लागेल, ज्यात मुलांच्या शिक्षणाचे आणि घरच्या सुखाचे नुकसान होईल, असा त्याचा आशय होता. केनर्डबाईंनी त्याच महिन्यात उलट कळवले की, स्त्रीला आधी पुरुषासारखी परिस्थिती आणि संधी मिळू द्या, मग तिच्या बुद्धीचा निवाडा करा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डार्विन वारले.

व्याख्यात्यांनी या पत्रांवरून डार्विन यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी आवडली. १८७१ सालच्या ज्या ग्रंथात पुरुषाच्या वरचढपणाची विधाने आहेत, त्याच ग्रंथात मोराच्या पिसाऱ्याचे कारण लांडोरीच्या पसंतीत शोधले आहे, हे त्यांनी लगेच दाखवले. जीव वाचवायला अडचणच होईल असा पिसारा पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो पाहणारीने निवड केली म्हणून, ही ती लैंगिक निवडीची कल्पना. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त स्वतंत्रपणे शोधून काढणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनाही मादीच्या आवडीनिवडीला इतके सामर्थ्य देणे पटले नाही, आणि पुढे कित्येक दशके ती कल्पना अडगळीत पडून होती. म्हणजे लांडोरीला रसिकता बहाल करणारे आणि केनर्डबाईंना बुद्धी नाकारणारे गृहस्थ एकच होते. यावर शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला नुकतेच जाऊन आलेले एक काका उठून म्हणाले की, आपण तासभर मोराचा नाच पाहिला, पण लांडोर कुठे उभी होती ते काही आठवत नाही. सभागृह हसले. बाईंनी मात्र ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवले आणि सहाही शनिवार पुसले नाही.

त्याच ओघात त्यांनी अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल यांचे नाव घेतले, जे मी आयुष्यात प्रथम ऐकले. या अमेरिकन धर्मोपदेशिकेने १८७५ साली पुस्तक लिहून डार्विन यांच्या निष्कर्षांची उलटतपासणी केली. नराचे गुण मोजताना शिंगे, आयाळ आणि ताकद मोजली जाते; मग मादीचे गुण मोजताना गर्भ पोसण्याची आणि अपत्य वाढवण्याची किंमत का मोजली जात नाही, असा तिचा रोकडा सवाल होता. त्याआधी तिने आपले एक पुस्तक डार्विन यांना भेट पाठवले, तेव्हा आलेल्या आभाराच्या पत्राचा मायना ‘महाशय’ असा होता. पुस्तक लिहिणारी व्यक्ती बाई असेल, असे पत्र लिहिणाऱ्याच्या मनातही आले नसावे.

दुसरा शनिवार चिलटांचा होता. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी ही चिलटे घेऊन अँगस बेटमन यांनी १९४८ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यावर ‘नर उतावळा, मादी चोखंदळ’ हे जीवशास्त्रातले अर्धे घर उभे आहे. मोजके नर आणि मोजक्या माद्या एकेका बाटलीत ठेवायच्या, प्रत्येकाच्या अंगी डोळ्याला दिसणारे एखादे वेगळे आनुवंशिक लक्षण असेल अशी निवड करायची, आणि पिलांवरची लक्षणे पाहून आईबाप ओळखायचे, अशी ती पद्धत होती. जास्त जोडीदार मिळवले की नराची संतती वाढत जाते, मादीची फारशी वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला. १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी पालकांच्या गुंतवणुकीचा सिद्धान्त, म्हणजे अपत्यासाठी जो पालक जास्त झिजतो तो जोडीदार निवडताना जास्त चोखंदळ असतो हा विचार, मांडताना तो हाताशी घेतला आणि मग तो पाठ्यपुस्तकांत शिरला. मीही तो वर्षानुवर्षे शिकवला.

बाईंनी फळ्यावर दोन रकाने काढले : वडिलांच्या नावावर जमा झालेली पिले आणि आईच्या नावावर जमा झालेली पिले. प्रत्येक पिलाला एक आई आणि एक बाप असतो, तेव्हा दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. बेटमन यांच्या आकड्यांत वडिलांची बेरीज जास्त भरत होती. पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि २०१२ साली त्याचे कारण दाखवले : ज्या पिलांत आई आणि बाप दोघांचीही लक्षणे उतरत, त्यांतली बरीच मोठी होण्याआधीच मरत, आणि उरलेल्यांवरून केलेली मोजणी एका बाजूला झुकत असे. चौथीतल्या मुलाने पकडावी अशी बेरजेची चूक साठ वर्षे कोणाला का खुपली नाही, असे बाईंनी विचारले, तेव्हा मी नजर खाली घातली. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले की पडताळा करण्याचा हात सैल पडतो, हे मला माझ्याच प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना अनेकदा दिसले आहे.

येथे बाईंच्या प्रामाणिकपणाची नोंद करायला हवी. एक प्रयोग सदोष ठरला म्हणून नरांमधली चुरस खोटी ठरत नाही, अनेक प्राण्यांत ती उघड्या डोळ्यांना दिसते, आणि अंडपेशी मोठी व शुक्रपेशी लहान हा फरकही कुठे जात नाही, असे त्यांनी स्वतःहून बजावले. टाळ्यांची संधी हातची सोडून हे सांगायला धैर्य लागते, कारण श्रोत्यांपैकी निम्म्यांना तोवर विजयाची चव लागली होती. त्याच तासात एमिली मार्टिन यांच्या १९९१ सालच्या लेखाचाही उल्लेख झाला. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शुक्राणू हा शूर वीर आणि अंडपेशी ही स्वयंवरात माळ घेऊन उभी राहिलेली राजकन्या असल्यासारखी भाषा कशी येते, ते त्या लेखाने दाखवले आहे. शुक्राणूचा पुढे ढकलण्याचा जोर प्रत्यक्षात फार क्षीण असतो आणि अंडपेशीचे आवरण त्याला धरून ठेवण्याचे काम करते. मी फळ्यावर खडूने शर्यत काढायची आणि ‘पहिला आलेला जिंकतो’ म्हणायचे. मुले खूश व्हायची. माझ्या हातून बाहेर पडलेल्या २६ तुकड्यांची मला त्या संध्याकाळी आठवण झाली, ती काही अभिमानाने नव्हे.

तिसऱ्या शनिवारचा अनुभव या वर्गाचे सर्वांत मोठे देणे आहे. गच्चीवर नेऊन बाईंनी प्रत्येकाच्या हातात दोन कोरे कागद दिले आणि समोरच्या इमारतीच्या कठड्यावरचे पारवे पाहायला सांगितले. पहिल्या कागदावर दहा मिनिटे जे दिसेल ते लिहायचे होते. माझ्या १७ नोंदी झाल्या, आणि त्यांतल्या १४ गळा फुगवून घुमत गोल फिरणाऱ्या एकाच पारव्याविषयी होत्या. दुसऱ्या कागदासाठी डावीकडून तिसरा पक्षी धरायचा, तो उडेपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही, आणि दर मिनिटाला तो काय करतो ते लिहायचे, असा नियम होता. माझा पक्षी चार मिनिटे नुसता बसून होता. मग त्याने पंखाखालची पिसे साफ केली, कठड्याच्या फटीतून काहीतरी टिपले, आणि शेजारी उतरलेल्या दुसऱ्या पक्ष्याला चोचीने असे हाणले की तो दोन मजले खाली जाऊन बसला.

खाली आल्यावर बाईंनी विचारले, “पहिल्या कागदावर ‘नर’ हा शब्द किती जणांनी लिहिला आहे?” बहुतेक सगळे हात वर झाले. “पारव्यात नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे असतात. मग तुम्हाला तो नर आहे हे कसे कळले?” कोणीतरी म्हणाले, गळा फुगवून मागे लागला होता म्हणून. “आणि उद्या तुम्ही या कागदावरून निष्कर्ष लिहाल की नर गळा फुगवून मागे लागतात.” पुढची काही सेकंदे फक्त पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी पुढे हेही सांगितले की अंदाज म्हणून आमचे उत्तर बहुतेक वेळा बरोबरच ठरेल, कारण घुमण्याचे काम पारव्यांत मुख्यतः नरच करतात. पण अंदाजाने भरलेला रकाना पुरावा म्हणून वापरता येत नाही.

या खेळानंतर जीन आल्टमन यांच्या १९७४ सालच्या शोधनिबंधाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागले नाही. केनियातल्या अँबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या आल्टमन यांनी त्यात प्राण्यांच्या निरीक्षणाच्या पद्धतींची छाननी केली. लक्ष वेधून घेतो त्याला पाहत बसायचे नाही, आधी ठरवलेल्या प्रत्येक प्राण्याला ठरावीक वेळ द्यायचा, हा त्यातला सर्वांत रुजलेला दंडक. या निबंधात स्त्रीवादाचा झेंडा कुठेही नाही, तो मोजणीच्या शिस्तीसाठी लिहिलेला आहे. परंतु भांडणाऱ्या नरांइतकीच मिनिटे पिलाला पाजत बसलेल्या मादीच्याही वाट्याला आली, आणि माद्यांचे राजकारण, त्यांची उतरंड, त्यांच्या मैत्र्या वहीत उतरू लागल्या. ‘यात स्त्रीवाद कुठे आहे?’ असा प्रश्न एका तरुणाने काहीशा कुत्सितपणे विचारला होता. बाईंनी फळ्यावरच्या चिंचोलीच्या वाक्याकडे बोट दाखवले आणि त्या पुढे गेल्या.

येथे थोडे विषयांतर करते. घरी परतताना माझ्या मनात आले की, मराठीने प्राण्यांचे लिंग परस्पर ठरवून टाकले आहे आणि त्याचा आपल्या पाहण्यावर काही परिणाम होत असणारच. वसंतात ‘कुहू’ करतो तो नर कोकीळ, पण गोड गळ्याचे सगळे श्रेय आपण कोकिळेला देऊन बसलो आहोत. साखरेच्या डब्याकडे रांग लावणारा मुंगळा व्याकरणाने पुल्लिंगी आणि प्रत्यक्षात कामकरी मादी. चावणारा डास पुल्लिंगी आणि रक्त पिते ती फक्त मादी. युरोप-अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञांची चूक नेमकी उलट्या दिशेची होती : गातो तो नरच, असे त्यांनी त्यांच्याकडच्या थंड मुलखातल्या पक्ष्यांवरून गृहीत धरले. २०१४ साली ३२३ जातींच्या गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती एकत्र केल्यावर ७१ टक्के जातींत माद्याही गातात असे आढळले, आणि या पक्ष्यांच्या पूर्वजांतही माद्या गात असाव्यात असे दिसले. कोकिळेचा मुद्दा मी पुढच्या वेळी बाईंना सांगितला, तो त्यांना आवडला आणि त्यांनी तो माझ्या नावानिशी वापरला. हे लिहिण्याचे कारण इतकेच की, वर्गात श्रोत्यांचे ऐकून घेतले जात होते. पुण्यातल्या व्याख्यानांत हा प्रकार दुर्मीळ आहे.

चौथ्या शनिवारी अबूचे वानर आले. काळ्या तोंडाचे हे वानर आपण भीमाशंकरच्या रानातही पाहतो. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळ पाहिले की, टोळी ताब्यात घेणारा नवा नर आधीची तान्ही पिले मारतो. गर्दीमुळे बिघडलेले वर्तन, असा तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ लावला. हार्वर्डची विद्यार्थिनी असलेल्या सारा ब्लॅफर हर्डी १९७१ साली राजस्थानात माउंट अबूला आल्या त्या याच कोड्यासाठी. पिले मारणारे नर बाहेरून आलेले असतात आणि पिलू गेले की मादी लवकर पुन्हा माजावर येते, तेव्हा यात नराचा पुनरुत्पादनाचा स्वार्थ आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. माद्या काय करतात हे त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिले. माद्या टोळीबाहेरच्या नरांशीही समागम करत होत्या, काही तर गर्भार असताना. बाप कोण याचा गोंधळ उडाला तर उद्या टोळीचा धनी होणारा नर पिलावर हात टाकण्याआधी थबकेल, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. ‘लाजाळू, एकाच नरावर समाधानी असलेली मादी’ हे चित्र अबूच्या बाजारपेठेत, देवळांच्या छपरांवर मोडून पडले. हर्डी यांच्या मांडणीला मानवशास्त्रज्ञांनी पुढे बराच काळ विरोध केला. तो विरोधही बाईंनी गाळला नाही.

हा तास मी पुन्हा पैसे भरूनही ऐकेन. त्यातल्या एका क्षणासाठी तर नक्कीच. पडद्यावर वानरिणीचे छायाचित्र होते. तिच्या हातातले काळसर तान्हे पिलू दुसरी मादी ओढून घेत होती. वानरांच्या टोळीत जन्माच्या दिवसापासून पिलू असे या हातातून त्या हातात फिरते, चिंपांझीची आई मात्र कित्येक महिने ते कोणाला देत नाही, असे बाई सांगत असताना मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात असंच होतं बाई. मूल दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कडेवर. आईला ते फक्त दूध प्यायला भेटायचं.” सगळ्यांना बरे वाटले. बाईंनी मात्र हळूच जोडले की, पिले घेण्याची हौस सर्वांत जास्त असते ती अजून स्वतः न व्यालेल्या तरुण माद्यांना, त्या ती धसमुसळेपणाने हाताळतात, आणि त्यात त्यांचा स्वतःचा सराव होतो. आजी क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “तेही असंच होतं.”

पाचव्या शनिवारी मुसळधार पाऊस झाला, चारच्या सुमाराला वर्ग रद्द झाल्याचा निरोप आला, आणि तोवर कोथरूड-वारज्याहून निघालेली मंडळी लकडी पुलावर अडकली होती. बुडालेला तास वेगळा भरून न काढता सहाव्या शनिवारी एक तास वाढवून ‘समायोजित’ करण्यात आला. शुल्क सहा दिवसांचे घेतले असताना हे योग्य नव्हते, आणि कार्यालयात विचारणा केल्यावर ‘पाऊस आमच्या हातात नाही’ हे जे उत्तर मिळाले ते पुणेरी म्हणून गोड मानून घेण्याचे माझे वय उरलेले नाही. या घाईचा फटका पॅट्रिशिया ब्रेनन यांच्या बदकांना बसला. २००७ साली त्यांनी दाखवले की, काही बदकांत मादीचा योनिमार्ग नराच्या इंद्रियाच्या उलट दिशेने पिळलेला असतो आणि त्यात आंधळ्या गल्ल्या असतात, म्हणजे नको असलेल्या समागमाला शरीरच अडथळा करते. नराच्या अवयवाचे वर्णन आधीपासून होते, मादीचा मार्ग कोणी नीट उघडून पाहिला नव्हता. चिंचोलीच्या काकांच्या वाक्याला याहून चांगला जोड मिळाला नसता, आणि तो पाच मिनिटांत उरकला गेला.

आजीच्या गृहीतकाला मात्र पुरेसा वेळ मिळाला. मानवी स्त्री पाळी थांबल्यावर दशकानुदशके का जगते, या प्रश्नावर क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या हाद्झा लोकांमध्ये काम केले. तिथल्या म्हाताऱ्या बायका कडक जमिनीतून कंद खणून काढण्यात तरुणींना हार जात नाहीत. घरात नवे बाळ आले की आईचे खणणे कमी होते, आणि त्या काळात अंगावरून सुटलेल्या मोठ्या मुलाचे वजन आजीच्या कष्टाशी जोडलेले दिसते. नातवंडे जगवणारी आजी म्हणजेच दीर्घायुष्याची किल्ली, असा हा तर्क आहे. शिकारी पुरुषाने माणूस घडवला, या कथेला त्याने चांगलाच शह दिला. पण वर्गातल्या माझ्या वयाच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या, ते वेगळ्या कारणाने. मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत आणि सुनेच्या नोकरीसाठी उरलेली वर्षे हिंजवडीत, असे आयुष्य जगणाऱ्या बाईला ‘आजीने नातवंडे सांभाळावीत हे उत्क्रांतीनेच ठरवले आहे’ असे ऐकवायला घरातली माणसे किती वेळ लावतील? हा प्रश्न मी विचारला. बाई म्हणाल्या, हाद्झा आजी कोणाच्या सांगण्यावरून खणत नव्हती आणि तिचे कंद ती स्वतःच वाटत होती. उत्तर हजरजबाबी होते, पुरेसे नव्हते.

माझी खरी तक्रार सहाव्या शनिवारच्या उत्तरार्धाविषयी आहे. विषय होता शिकार. १९६६ साली शिकागोत भरलेल्या परिषदेतून शिकारी पुरुषाचे चित्र रूढ झाले, १९७०च्या दशकात सॅली स्लोकम, नॅन्सी टॅनर, एड्रिएन झिलमन यांनी अन्न गोळा करणाऱ्या बाईकडे लक्ष वळवले, इथवर मांडणी चोख होती. पेरूमध्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वी शिकारीच्या हत्यारांसह पुरलेली एक तरुणी २०२० साली प्रकाशात आली. ती स्त्री होती हे दातांतल्या प्रथिनांवरून ठरवले, हेही बाईंनी नीट समजावले. मग २०२३ सालच्या अभ्यासाचा आकडा पडद्यावर आला : ६३ समाजांपैकी ७९ टक्के समाजांत स्त्रिया शिकार करतात. टाळ्या पडल्या. पुढच्याच वर्षी इतर मानवशास्त्रज्ञांनी त्या अभ्यासाची नमुना-निवड आणि नोंदी लावण्याची रीत यांवर कठोर आक्षेप घेतले, हे मात्र सांगितले गेले नाही. बेटमन यांच्या बेरजेची चूक ज्या वर्गात आम्ही इतक्या चवीने पाहिली, त्याच वर्गात आपल्या बाजूची बेरीज तपासायची राहून गेली.

आणि मग समारोपाचा पडदा उजळला, ‘समानता निसर्गातच आहे’ असे लिहिलेला. आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसांच्या टोळीत माद्या वरचढ असतात, चिंपांझींचे जवळचे नातलग असलेल्या बोनोबो वानरांत माद्या एकजुटीने नरांना आवरतात, हत्तींच्या कळपाची धुरीण हत्तीण असते, अशी यादी त्याखाली होती. उदाहरणे खरी आहेत. पण जे आहे त्यावरून जे असावे ते निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्यापासून चालत आलेले सूत्र बाईंनीच पहिल्या शनिवारी सांगितले होते. चिंपांझींचे नर माद्यांना मारतात, म्हणून ते माणसाला माफ होत नाही. तसेच तरसाची मादी वरचढ आहे म्हणून मला मताचा हक्क मिळालेला नाही. राज्यघटनेने १९५० साली दिलेला समान हक्क तरसांची मोजदाद करून दिलेला नव्हता, आणि उद्या मोजदाद उलटी निघाली तर तो परत करायचा प्रश्नही येत नाही. हे मी उठून म्हटले. वेळ संपत आला होता, साडेआठला सभागृह दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचे होते, आणि चर्चा तिथेच तुटली.

आणखी एक उणीव सांगायला हवी. सहा शनिवारांत भारत आला तो वानरांचा पुरवठादार म्हणून. आपल्या खिडकीच्या छज्ज्याखाली घर बांधणाऱ्या एका गांधीलमाशीवर राघवेंद्र गडगकर यांनी बंगळूरमध्ये अनेक दशके काम केले आहे. तिच्या वसाहतीत राणी सर्वांत आक्रमक असेल हा अंदाज खोटा ठरून ती शांत, निरुपद्रवी निघाली. सत्तेचे चित्र काढताना आपण काय गृहीत धरतो, याचे याहून बोलके उदाहरण कुठे मिळणार होते? इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्यांची मोजमापे घेतली, त्यांतून फिशर यांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला आधार मिळाला नाही, आणि पुढे हयातभर त्या याच शहरात डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवत राहिल्या. त्यांचाही उल्लेख नाही. डार्विन यांचे पत्र ज्या १८८२ सालचे, त्याच साली पुण्यात ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापला गेला. बुलढाण्याच्या या बाईंना केनर्डबाई ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि तरी दोघी एकाच गोष्टीवर बोट ठेवत होत्या : स्त्रीच्या अंगी चिकटवलेले दोष पुरुष आधी स्वतःत मोजून पाहत नाही. वर्ग भरत होता तिथून तो छापखाना फार तर चालत जाण्याच्या अंतरावर असणार.

सोयींविषयी थोडक्यात. दुसऱ्या मजल्यावर जिन्याने जावे लागते, लिफ्ट नाही, आणि दुचाकी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटे हाताशी ठेवावीत. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत. मागच्या दोन रांगांत पंख्याचा खडखडाट इतका आहे की प्रश्नोत्तरे ऐकू येत नाहीत. चहा चांगला. टिपणांची झेरॉक्स पुस्तिका ६८ पानांची आहे, तिच्यात पारिभाषिक शब्द नेटके मराठीत दिले आहेत, पण आकृत्या इतक्या काळपट आल्या आहेत की बदकाचा योनिमार्ग आणि मुळा-मुठेचा नकाशा यांत फरक करता येत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा, निदान तिसऱ्या आणि चौथ्या शनिवारसाठी. दिवाळीनंतर पुढची तुकडी सुरू होत आहे.

शेवटी सर्वांना अभिप्रायपत्रक दिले होते. पाच चौकटींवर खुणा करायच्या आणि ‘सूचना’ या शब्दापुढे दीड ओळ मोकळी. दीड ओळीत ताराबाई, इरावतीबाई, गांधीलमाशी आणि ७९ टक्के मावेनात, म्हणून मी कागद उलटून मागच्या बाजूला सविस्तर लिहिले. दाराशी पत्रके गोळा करणाऱ्या मुलाने ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “मॅडम, मागची बाजू स्कॅन होत नाही.”